आगीतून बाहेर आल्यावरची वीस मिनिटं

एप्रिल-मे मध्ये कोकण किनाऱ्यावर आगीशी झुंजताना आम्हा फायरमनना सगळ्यात नडतं ते हे, की घाम वाळत नाही. घाम वाळला तरच अंग निवतं. इथल्या दमट हवेत तो नुसता निथळतो. त्यावर सूट, हूड, हेल्मेट, बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि श्वास घ्यायचा मुखवटा) मिळून वीसेक किलोचं ओझं. सुटाचे थर बाहेरची धग अडवतात, तशी आतली वाफही कोंडतात. तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज जातो, रक्त कमी पडतं आणि तेच रक्त स्नायूंनाही हवं असतं, कातडीलाही. त्यामुळे हृदयावर भलताच ताण येतो.

आतलं तापमान ३८.५ अंशांच्या पुढे सरकलं की डोकं मंदावायला लागतं. वॉकीटॉकीवर दोनदा विचारलं तरी उत्तर येत नाही, सिलिंडरमध्ये हवा किती उरली हे दाखवणारं गेज बघायचं राहून जातं, नजर समोरच्या ज्वाळेवर खिळते आणि वरच्या छताकडे लक्षच जात नाही. विचारलं तर म्हणणार, "काय नाय, बरा आहे." म्हणून बाहेर कधी यायचं, हे आतल्याने ठरवायचं नाही, बाहेर बीए बोर्डावर, म्हणजे आत कोण कधी गेलं याची नोंद ठेवायच्या फळ्यापाशी, उभा असलेल्याने ठरवायचं. अर्ध्या तासाचे दोन सिलिंडर संपले, की किमान वीस मिनिटं विश्रांती. वणव्यात सिलिंडर नसतो, तिथे घड्याळ लावून माणसं बदलायची.

बाहेर आल्यावर सावलीत, धुराच्या उलट बाजूला बसायचं. कोट पूर्ण उतरवायचा, पँट बुटांपर्यंत खाली. नुसती बटणं सोडून भागत नाही. मग दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याच्या बादलीत, दहा-पंधरा मिनिटं. हातांत रक्त कातडीच्या अगदी जवळून वाहतं, म्हणून हा उपाय लागू पडतो. विहिरीचं गार पाणी पुरतं, तापलं की बदलायचं. एका दमात बाटली रिकामी न करता घोट घोट प्यायचं, आणि नुसतं पाणी ढोसायचं नाही. ओआरएस किंवा मीठ घातलेली पेज उत्तम. बाहेर आल्यावरही थोडा वेळ तापमान चढतच असतं, म्हणून पहिली दहा मिनिटं कुणालाही एकटं सोडत नाही. वीस मिनिटांनीही नाडी शंभरावर असेल, तर त्याला पुन्हा आत पाठवायचं नाही.

बरळणं, उगाच चिडणं, झोकांड्या जाणं म्हणजे उष्माघात समजायचा. अंग कोरडं पडलं नाही म्हणून थांबू नका. आमच्या कामात घाम वाहत असतानाही उष्माघात होतो. सूट काढा, बंबाचं पाणी अंगभर सोडा, त्याच वेळी १०८ ला फोन. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

लांब रजेवरून परतलेल्याला पहिला आठवडाभर तरी होजच्या (पाण्याच्या नळीच्या) पुढे लावू नये. अंगाला उन्हाळ्याची सवय नव्याने व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.