अम्वेन्ये आली, आता भाव बोला

संक्रांतीसाठी गावी आलेय. राळेगावच्या पुढे आमचं गाव. सध्या तुरीला थ्रेशर लागलंय, त्यामुळे नाकात कुटार (भुसा), केसात कुटार, चहातही कुटार. येणाराजाणारा ओट्यावर टेकतो आणि एकच विचारतो, "तिकडे करतं तरी काय वं तू?"

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागात, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी फालोंबे नावाचा जिल्हा आहे. तिथल्या शेतकरी बायांच्या गटांसोबत मी दीड वर्षापासून स्वयंसेवक म्हणून काम करते. पगार नाही, राहण्याखाण्यापुरता भत्ता. हे ऐकून शेजारच्या काकांनी बाबांना हळूच विचारलं, "मंग पाठवली कायले?"

त्यांचं चूक नाही. आपल्याकडे मदत करणारे बाहेरून येतात, आपण कुठं जात नाही, अशीच सवय आहे. 1961 ते 1976 या काळात अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक योजनेची तरुण पोरं भारतात यायची, कोणी कुक्कुटपालन शिकवायला, कोणी शाळेवर. जपानने 1965 मध्ये आपली मुलं पाठवायला सुरुवात केली, संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 चा. आता मात्र गरीब म्हणवल्या जाणाऱ्या देशांतूनही बरेच स्वयंसेवक जातात. फालोंबेत मी राहते त्याच घरात एक केनियाची नर्स आहे. बादलीभर पाण्यात अंघोळ कशी उरकायची हे तिला आणि मला कुणी शिकवावं लागलं नाही. सोबतचा जपानी मुलगा गणित शिकवतो. तो बिचारा पहिला महिनाभर बादलीकडे नुसता बघत बसायचा.

मला अडचण आली ती वेगळीच. गोऱ्या स्वयंसेवकाला तिथली पोरं "अझुंगु, अझुंगु" करत मागं पळतात. मला पाहून म्हणाली, "अम्वेन्ये!" अम्वेन्ये म्हणजे भारतीय, आणि गावातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अम्वेन्ये म्हटलं की दुकानदार नाहीतर व्यापारी उभा राहतो. पहिल्याच बैठकीत मी पाठ केलेलं "मुली ब्वांजी" म्हणून नमस्कार केला, माहिती सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "ते राहू दे. यंदा नांदोलो काय भावानं घेणार?"

नांदोलो म्हणजे तूर.

मला खरंच माहीत नव्हतं. अकोल्याला कृषीची पदवी घेतली, तुरीच्या जाती तोंडपाठ केल्या, पण मक्याच्या ओळींत तूर घेणारा एक अख्खा मुलुख समुद्रापलीकडे आहे आणि त्यातली बरीच तूर आपल्या ताटात येते, हे कुणी सांगितलं नव्हतं. आपण पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत घेतो, ते मक्यात घेतात. पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात, पहिल्या पावसावर. जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि सोबत पालेभाजी, सुकी मासळी किंवा नांदोलो. हिरव्या शेंगा मीठ घालून उकडतात आणि रस्त्याच्या कडेला विकतात. पहिल्यांदा ती शेंग सोलून तोंडात टाकली तेव्हा मी उभ्या जागी रडले. सोले होते ते, आपलेच सोले. त्या रात्री आईला फोन केला तर ती म्हणाली, "वांगे भेटते का तिथं? भेटले तं कर मंग भाजी."

तिकडे बाईला "मायी" म्हणतात. वऱ्हाडातल्या माणसाला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

माझ्याकडे सुरुवातीला काम होतं फॉर्म भरायचं. किती जमीन, किती कोंबड्या, दिवसातून किती वेळा जेवता. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळात डोंगरावरून दगडमाती खाली आली आणि कितीतरी वावरं बुजली. त्यानंतर या गावांत फॉर्मवाले इतके येऊन गेलेत की बाया उत्तरं देण्यात तयार झाल्यात. तिसऱ्या घरी मायीने शांतपणे विचारलं, "तुला कोणतं उत्तर हवंय?" मला आजी आठवली. आमच्या गावातही आत्महत्यांच्या बातम्यांनंतर गाड्या यायच्या, फॉर्म घेऊन. आजी कापूस निवडता निवडता म्हणायची, "लिहून घे बाप्पा तुले पाह्यजे ते." मी नऊ-दहा वर्षांची, दारात उभी राहून त्या मुलींच्या पर्सकडे बघायचे. आता पर्स माझ्या खांद्यावर होती. फॉर्म मिटवला आणि तिच्यासोबत शेंगा सोलत बसले. वरिष्ठांनी झापलं, ते ओघानं आलंच.

मग हळूहळू गोष्टी कळायला लागल्या. सगळ्यात अवघड गोष्ट 2017 ची.

त्या वर्षी आपल्याकडे तूर किती झाली होती आठवतं? हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5,050 रुपये आणि व्यापारी कितीतरी खाली मागत होते. सरकारी खरेदी केंद्रावर बारदाना नाही. बाबा ट्रॉलीखाली सहा रात्री झोपले. मग 5 ऑगस्टला सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. बातमी आली तेव्हा बाबा म्हणाले होते, उशिरा का होईना, सुचलं.

ऑगस्ट म्हणजे फालोंबेत तूर काढायचे दिवस. शेंगा सोलणाऱ्या त्या मायीने मला त्या वर्षाचं सांगितलं: व्यापारी फिरकलाच नाही, मग आला तो मातीमोल भाव घेऊन, अर्धी पोती घरात भुंगे लागून गेली. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, तिच्याच नांदोलोत काही खोट असेल.

मला कारण माहीत होतं. चार महिने मी बोलले नाही. मदत करायला आलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं की ज्या कागदाने माझ्या बापाला जरा बरं वाटलं, त्यानेच तुझी पोती पडून राहिली? आपल्या पेरणीचे महिने वेगळे, म्हणून त्यांची तूर आपल्या आधी बंदरावर येऊन उभी राहते, आणि आपली निघेपर्यंत इथला भाव ठरत आलेला असतो. 2021 मध्ये दोन्ही देशांत करार झाला, पाच वर्षं दरवर्षी 50 हजार टन मलावीची तूर घ्यायची. गटाच्या बैठकीत तो करार समजावून सांगताना शेवटी सगळं सांगून टाकलं. बाबांची ट्रॉलीसुद्धा.

मायी खूप वेळ हसत होती. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, यंदा जरा कमी पेरा."

काल रात्री जेवताना बाबांना तिचा निरोप सांगितला. त्यांनी घास थांबवला. "त्याईले म्हणा, तुमीच पेरा कमी," म्हणाले, आणि परत जेवायला लागले. हात धुवायला उठले तेव्हा दारात थांबले.

"पण भाव काय भेटला वं त्याईले यंदा?"