शुद्ध एकादशी, वद्य एकादशी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेले असते, आणि ज्या रात्री झोप लागली नाही त्या तारखेवर आई सकाळी चहाचे आधण ठेवता ठेवता पेन्सिलीने बारीक फुली मारते. दुधाचे खाडेही त्याच चौकटींत असल्यामुळे कोणती खूण कशाची, हे तिलाच ठाऊक. ‘चंद्र वाढायला लागला की माझी झोप उडते,’ असे ती वर्षानुवर्षे म्हणत आली आहे, म्हणून तिला शेजारी बसवून मी गेल्या वर्षीच्या फुल्या मोजल्या. पौर्णिमेला त्या थोड्याच निघाल्या. दाटी होती ती दशमी ते त्रयोदशीच्या आसपास.

मला याचे नवल वाटले, कारण 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा निष्कर्ष जवळजवळ हाच आहे. अर्जेंटिनातील तोबा-कोम समाजातल्या लोकांच्या मनगटांवर झोप नोंदवणारी यंत्रे बांधली, तेव्हा पौर्णिमेच्या तीन ते पाच रात्री आधी ते सर्वांत उशिरा झोपतात आणि सर्वांत कमी झोपतात, असे दिसले. यामागचे कारण समजण्यासारखे आहे: शुद्ध पक्षाच्या उत्तरार्धात चंद्र दिवेलागणीलाच वर आलेला असतो आणि मध्यरात्रीनंतर मावळतो, तर पौर्णिमेनंतर तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे संध्याकाळ अंधारीच राहते. मात्र सिअ‍ॅटलसारख्या झगमगत्या शहरातल्या विद्यार्थ्यांतही हीच लय आढळली, आणि तिथे चांदण्याचे स्पष्टीकरण लंगडे पडते.

याआधी, 2013 साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे झोपेचे अभ्यासक क्रिस्तियान कायोखेन यांनी 33 जणांच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदी तपासून पौर्णिमेच्या सुमारास झोप सुमारे वीस मिनिटांनी घटते, असे मांडले होते. (ही कल्पना त्यांना पौर्णिमेच्या संध्याकाळी, मित्रमंडळींबरोबर पेयपान करताना सुचली!) पुढच्याच वर्षी जर्मनीत 470 जणांच्या नोंदी पाहिल्या गेल्या, तेव्हा असा परिणाम सापडला नाही.

शरीरात साठ-सत्तर टक्के पाणी, म्हणून आपल्यातही भरती-ओहोटी येते, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. इथून दोन तासांवर कावी-कंबोईला भरतीच्या वेळी स्तंभेश्वराचे देऊळ पाण्याखाली जाते हे खरे, पण ती अफाट पसरलेल्या समुद्राची भरती. त्याच चंद्राखाली आमच्या सूरसागर तलावाची पायरी काही बुडत नाही, मग माणसाच्या देहाची काय कथा.

पौर्णिमेची नोंद आमच्याकडे तशीही निरुपयोगीच. कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध मध्यरात्री मिळते आणि पलीकडच्या मैदानात शरद पूनमचा गरबा रंगलेला असतो. त्या रात्रीचे जागरण चंद्राच्या नावावर कसे मांडायचे?

तोच न्याय एकादशीलाही लावावा लागतो. आईचा उपास असतो, रात्री साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी होते, आणि मग पित्ताने ती कूस बदलत राहते. सुदैवाने पंचांगानेच पडताळ्याची सोय करून ठेवली आहे: वद्य एकादशीला उपास तोच, खिचडीही तीच, फक्त चंद्र पहाटेच्या सुमारास उगवतो. आईच्या कालनिर्णयावर वद्य एकादश्यांनाही फुल्या आहेत, पण शुद्ध एकादश्यांच्या निम्म्याच.