बांबू ओळखायचाय? मग आधी त्याचं शीथ बघा

बांबूचा फोटो पाठवून ‘हा कुठला?’ असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, शीथचा, म्हणजे कोंबावरच्या आवरणाचा, फोटो आहे का? बहुतेक वेळा नसतो. फोटोत असतं लांबून घेतलेलं आख्खं बेट, हिरवंगार, सुंदर, आणि त्यावरून जात सांगणं जवळपास अशक्य. अॅपमध्ये तो फोटो टाकला तरी तेच होतं, अॅप काहीतरी नाव देतं आणि ते नाव मग पुढे दहा जण उचलतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय, बांबू ओळखताना नक्की काय बघायचं, त्याची नावं कशी पडतात आणि ती सारखी का बदलतात.

मुळात अडचण काय आहे ते आधी बघू. फुलझाडांचं सगळं वर्गीकरण उभं राहिलंय फुलावर. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने 1753 मध्ये झाडं मांडली तीच पुंकेसर मोजून, आणि आजही कुठल्याही फ्लोरातली (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या ग्रंथातली) की, म्हणजे झाड ओळखायची पायरी-पायरीची प्रश्नावली, उघडा, दोन-चार पायऱ्यांत फुलाचा प्रश्न येतोच. बांबू हे गवत आहे, पोएसी कुळातलं, म्हणजे तेही फुलझाडच, जगात त्याच्या 1,600 हून जास्त जाती आहेत. पण यातल्या कितीतरी जाती फुलायला तीस-चाळीस वर्षं घेतात. मेलोकॅना बॅसिफेरा साधारण 48 वर्षांनी फुलतो, मिझोरममध्ये तो 1958-59 च्या सुमाराला फुलला आणि मग थेट 2006-08 मध्ये, आणि फायलोस्टॅकिस बाम्बुसॉइडिसचं चक्र तर 120 वर्षांच्या आसपासचं सांगतात. एखादा माणूस आयुष्यभर त्याच जंगलात फिरला तरी त्याला ते फूल दिसेलच असं नाही. आणि फुलला की आणखी एक गोची होते, सामूहिक फुलोऱ्यात बऱ्याच जातींची पानं गळून जातात, काठीवर नुसते फुलांचे झुबके राहतात. त्यामुळे हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, एका शीटवर पानं आहेत पण फूल नाही, दुसऱ्या शीटवर फूल आहे पण पान नाही, शीथ नाही, काहीच नाही, आणि ही दोन्ही एकाच जातीची का वेगळ्या जातींची हे ठरवायला कुणीतरी पन्नास-शंभर वर्षांनी बसतं. बांबूच्या नावांतला निम्मा गोंधळ इथूनच येतो असं माझं स्पष्ट मत आहे.

मग फुलाशिवाय ओळखायचं कसं? तर शीथ. जमिनीतून कोंब वर येतो तेव्हा त्याच्या प्रत्येक पेराला एक जाड कागदासारखं आवरण असतं, त्याला कल्म शीथ म्हणतात. काही जातींत ते काठी वाढली की लगेच गळतं, काहींत वर्षानुवर्षं काठीला चिकटून राहतं, आणि हीसुद्धा नोंद करायची गोष्ट आहे. शीथ हातात घ्या आणि सावकाश बघा. वरच्या टोकाला एक छोटं पातं असतं, ते सरळ उभं आहे का मागे वळलेलं आहे? पात्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखे भाग आहेत का, असतील तर दोन्ही सारखे आहेत का लहान-मोठे, त्यांच्या कडेला राठ केस आहेत का? पातं जिथे शीथला जोडलं जातं तिथे आतल्या बाजूला एक पातळ पट्टी असते, लिग्यूल, ती किती उंच आहे, कड सरळ आहे का दातेरी का झालरीसारखी? आणि शीथच्या पाठीवर लव कुठल्या रंगाची आहे, सगळीकडे आहे का फक्त खालच्या भागात? बाम्बुसा व्हल्गॅरिसच्या शीथला मोठ्या ठळक पाळ्या आणि गडद तपकिरी लव असते, डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टसच्या शीथला पाळ्या जवळजवळ नसतातच. एवढ्यावरून या दोघांतला फरक फुलाशिवाय कळतो.

पण शीथ ताजं असताना बघायला हवं. खाली पडून सुकलेल्या शीथचा रंग गेलेला असतो, लव घासून गेलेली असते, पाळ्या मोडलेल्या असतात. कोंब येण्याचा हंगाम हाच बांबू बघायचा खरा हंगाम. आणखी एक, सगळ्यात खालचं शीथ घेऊ नका, ते आखूड आणि वेगळ्याच आकाराचं असतं, वरची पण बदलत जातात, म्हणून पाचव्या सांध्याच्या आसपासचं घ्यावं आणि कितव्या सांध्याचं घेतलं ते लिहून ठेवावं. आणि हाताळताना जपून, काही जातींची लव त्वचेत शिरते आणि खाज सुटते.

शीथनंतर फांद्या बघायच्या. फायलोस्टॅकिसमध्ये एका सांध्याला दोन फांद्या असतात, एक मोठी एक लहान, आणि फांदीच्या बाजूला पेरावर एक खाच असते, ती बोटानेही कळते. बाम्बुसा बाम्बोसच्या खालच्या फांद्यांवर काटे असतात, इतके की बेटाच्या आत हात घालता येत नाही. चिमोनोबाम्बुसा क्वाड्रँग्युलॅरिसची काठी चक्क चौकोनी असते. अमेरिका खंडातल्या चुस्क्वेआच्या काठ्या भरीव असतात. पण भरीव-पोकळ या गोष्टीवर फार विसंबू नये, डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस कोरड्या जागी बऱ्यापैकी भरीव वाढतो आणि ओलसर जागी तोच पोकळ असतो, मग लोक दोन वेगळ्या जाती समजतात. शेवटी जमिनीखालचा भाग म्हणजे राइझोम. काहींचे राइझोम आखूड आणि जाड असतात त्यामुळे गच्च बेट तयार होतं, काहींचे लांब पळणारे असतात आणि काठ्या सुट्या सुट्या, दूर दूर येतात. हे मात्र बेट लांबून बघूनही बऱ्यापैकी कळतं, अर्थात इथेही अपवाद आहेत, मेलोकॅनाचा राइझोम बेटवाल्यांच्या प्रकारचाच असतो पण त्याची मान इतकी लांब की काठ्या मोकळ्या मोकळ्या उगवतात.

हे सगळं आज सोपं वाटतं पण इथवर यायला बराच काळ गेला. विल्यम मन्रो हा सैन्यातला अधिकारी, त्याने 1868 मध्ये बांबूंवरचा पहिला मोठा मोनोग्राफ, म्हणजे एकाच गटावरचा सविस्तर ग्रंथ, काढला, जगभरातले तेव्हाचे माहीत असलेले बांबू एकत्र आणले, पण भर मुख्यतः फुलांवर. मग 1896 मध्ये जेम्स सायक्स गॅम्बलचं ब्रिटिश भारतातल्या बांबूंवरचं काम आलं. गॅम्बल वनखात्यातला माणूस, त्याच्यासमोर बांबू शीटवर चिकटवलेला नव्हता तर जंगलात उभा होता, आणि त्याच्या चित्रांत शीथ काढलेलं दिसतं, मला वाटतं हा फरक त्याच्या नोकरीमुळेच पडला. विसाव्या शतकात फ्लॉइड मॅक्ल्यूअरने राइझोम, फांद्या, शीथ हे सगळं फुलाइतकंच महत्त्वाचं आहे हे ठामपणे मांडलं. जाड-आखूड आणि बारीक-पळणारे या राइझोमच्या दोन प्रकारांसाठी आज जे शब्द वापरतात तेही त्याचेच. पंचवीस मीटर उंच झाड अर्ध्या मीटरच्या कागदावर कसं बसवणार, हा प्रश्न या सगळ्यांपुढे होता आणि आजही आहे, म्हणून बांबूचा नमुना म्हणजे एक फांदी कधीच नसते, शीथ, फांद्यांसकट सांधा, पानं, जमलं तर राइझोमचा तुकडा आणि वहीत उंची, जाडी, पेराची लांबी, असा सगळा संच लागतो.

फूल आलंच तर मात्र सोडू नका. गवताचं फूल म्हणजे पाकळ्या वगैरे काही नाही, छोटी छोटी खवल्यांसारखी आवरणं आणि आत पुंकेसर, दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतंच. नेहमीच्या गवतांना बहुधा तीन पुंकेसर असतात, बाम्बुसा आणि डेंड्रोकॅलॅमसला सहा. आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागात वाढणाऱ्या ऑक्लँड्राला तर एकाच फुलात कितीतरी पुंकेसर, मोजत बसावं लागतं. गवताच्या कुळात असं काही असेल हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

आता नावांकडे वळू. लिनिअसने 1753 मध्ये काटेरी बांबूला अरुंडो बाम्बोस म्हटलं, म्हणजे नळासारख्या उंच गवतांच्या जीनसमध्ये (जवळच्या जातींच्या गटात, नावाचा पहिला शब्द त्याचाच) टाकलं. पुढे बांबूंसाठी वेगळा जीनस झाला आणि बाम्बुसा अरुंडिनेशिया हे नाव रूढ झालं, जुन्या पुस्तकांत अजून तेच सापडतं. पण वनस्पतींच्या नामकरणाचा नियम असा की जातीचं सगळ्यात जुनं वैध विशेषण, म्हणजे नावाचा दुसरा शब्द, टिकतं, जीनस बदलला तरी, आणि 1753 चं बाम्बोस हे अरुंडिनेशियापेक्षा जुनं, म्हणून आजचं नाव बाम्बुसा बाम्बोस. नावापुढे कंसात लिनिअस आणि कंसाबाहेर व्हॉस असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की विशेषण लिनिअसचं आणि या जीनसमध्ये आणलं व्हॉसने. प्राण्यांमध्ये जीनस आणि जातीचं नाव हुबेहूब तेच चालतं, वनस्पतींमध्ये चालत नाही, पण बाम्बुसा आणि बाम्बोस यांत स्पेलिंगचा फरक आहे म्हणून हे नाव नियमात बसतं.

नियमांमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे टाइप. प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं, जुन्या नावांच्या बाबतीत कधी कधी चित्राला. 1 जानेवारी 1958 पासून नवीन जात जाहीर करताना टाइप सांगितलाच पाहिजे, आणि 2012 पासून वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट गेली, इंग्रजीही चालतं. म्हणजे जंगलातला आपला बांबू ‘अमुक जातीचा’ आहे असं म्हणताना आपण खरं तर म्हणत असतो की तो कुठल्यातरी हर्बेरियममधल्या त्या एका नमुन्याच्याच जातीचा आहे. तो नमुना अर्धवट असेल, शीथच नसेल, तर पुढे वाद होणारच.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे फार्गेसिया म्युरिएली. वनस्पती गोळा करणाऱ्या अर्नेस्ट विल्सनने हा 1907 मध्ये चीनच्या हुबेई भागातून आणला, 1920 मध्ये गॅम्बलनेच त्याला अरुंडिनेरिया म्युरिएली म्हटलं, विल्सनच्या मुलीच्या म्युरिएल या नावावरून. फूल कुणी बघितलेलं नव्हतं. नंतर तो सिनारुंडिनेरियात गेला. 1970 च्या दशकात बागेतली झाडं फुलायला लागली आणि वाटलं आता कोडं सुटलं, तर फुलं बघून 1979 मध्ये त्याला थॅम्नोकॅलॅमस स्पॅथेशियस हे तिसरंच नाव मिळालं, कारण तो आधीच वर्णन केलेल्या दुसऱ्या एका बांबूसारखाच आहे असं ठरवलं गेलं. पुढे ते दोघे वेगळे निघाले आणि म्युरिएली हे विशेषण परत आलं, फार्गेसियात. फूल मिळालं म्हणजे प्रश्न संपतो असं नाही, तुलनेसाठी दुसऱ्या बाजूचा नमुनाही धड असावा लागतो.

नावं बदलली की लोक चिडतात हे मला समजतं. बाभळीचं अकेशिया निलोटिका आता व्हॅचेलिया निलोटिका झालं, खैर सेनेगॅलिया कॅटेचू झाला. मोठा अकेशिया जीनस वेगवेगळ्या जीनसमध्ये फुटला तेव्हा नियमाप्रमाणे ते नाव बाभळीकडेच राहायला हवं होतं, पण ऑस्ट्रेलियातल्या जाती हजाराच्या घरात आणि सगळ्यांची नावं बदलावी लागली असती, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांच्या 2005 च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये जीनसचा टाइपच बदलला. त्यावर बरंच भांडण झालं. कुळांचंही तसंच, साग पूर्वी व्हर्बिनेसीत होता तो लॅमिएसीत गेला, काटेसावरीचं बॉम्बॅकेसी माल्व्हेसीत विरून गेलं, डीएनएवर आधारलेल्या एपीजी चार या 2016 च्या मांडणीत फुलझाडांची 64 गण आणि 416 कुळं आहेत. मला हे बदल आवडतात, कारण आधी दिसण्यावरून गट होते, आता नात्यावरून आहेत. बांबूमध्ये तर डीएनए आल्यावरही सगळं सरळ झालं नाही, कारण लाकडी बांबूंच्या वंशात फार जुने संकर झालेत, थंड प्रदेशातले टेट्राप्लॉइड (गुणसूत्रांचे चार संच असलेले), उष्ण प्रदेशातले बहुतेक हेक्झाप्लॉइड (सहा संच असलेले), आणि एक जीन एक नातं सांगतो, दुसरा जीन दुसरंच.

तरीही बघण्याला पर्याय नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या अॅपलेशियन डोंगरांच्या परिसरात लोक ‘हिल केन’ म्हणून एक बुटका बांबू ओळखत होते, शरद ऋतूत त्याची पानं गळतात, शेजारच्या दुसऱ्या देशी बांबूंची गळत नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने इतका पायाखालचा प्रदेश, तरी हा दुसऱ्या जातीत धरला जात होता, आणि 2006 मध्ये अरुंडिनेरिया अॅपलेशियाना म्हणून त्याचं स्वतंत्र वर्णन झालं. पानं गळतात ही गोष्ट हर्बेरियमच्या एका शीटवर कळायची नाही, त्यासाठी तिथे वेगवेगळ्या ऋतूंत जावं लागतं.

इतर झाडांनाही हेच लागू आहे. फूल नसलं म्हणून सोडून द्यायचं नाही. पानं समोरासमोर आणि दोन देठांच्या मधे उपपर्ण (देठाजवळचं छोटं पानासारखं अंग) दिसलं तर रुबिएसी बघा, समोरासमोर पानं आणि पांढरा चीक असेल तर अपोसायनेसी, चौकोनी खोड आणि चुरगळल्यावर वास असेल तर लॅमिएसी. शंभर टक्के नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

तर पुढच्या वेळी जंगलात बांबू दिसला की फोटो असे घ्या, बेटाचा एक, बुडाचा एक, सांधा आणि फांद्या जवळून, शीथ बाहेरून आणि आतून, पाळ्या आणि लिग्यूलचा क्लोजअप मोजपट्टी ठेवून. आणि फुलोरा दिसला तर तारीख, जागा, एकच काठी फुललीय का सगळं बेट का आख्खी टेकडी हेही लिहा, आणि त्याच बेटाच्या एखाद्या जुन्या काठीला चिकटलेलं शीथ शोधून त्याच नोंदीत जोडा.