सिंधुदुर्ग नावाची खोली

आमच्या आईसाठी मोठं पाणी म्हणजे फुटाळा, नाहीतर अंबाझरी. दिवाळीनंतर तिला नागपूरहून मालवणला नेलं. राहायच्या खोलीच्या दारावर पाटी होती, ‘सिंधुदुर्ग’. मला वाटलं, नुसतं नाव असेल. घरमालकीणबाई म्हणाल्या, “खिडकी उघडा, किल्लो दिसता.”

दिसला! कुरटे बेटावरचा तो काळा तट, भर समुद्रात. आई पलंगावर बसून किती वेळ पाहूनच राहिली होती.

सकाळी होडीने गेलो. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू केलं, पायाचे दगड शिशात बसवले. तट जवळपास ३ किलोमीटर! पण आई रमली ती विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड. महाराजांच्या हाताच्या ठशापुढे मात्र तिने फक्त हात जोडले, बोलली काहीच नाही.

आता नागपुरात, महाल भागातल्या आमच्या घरी पाहुण्यांची खोली रंगवून राहिलो आहे. आई म्हणाली, “आपलाही किल्ला जवळच आहे ना रे? दारावर ‘सीताबर्डी’ लिही.” पाटी सुताराकडे दिली आहे, सागवानाची.