आठ पिनी बोर्ड, चोवीस पिनी सप्लाय: स्टँडबाय अखेर टिकला

आठ पिनी पॉवर कनेक्टर असलेल्या बोर्डाला मूळ सप्लायऐवजी साधा २४ पिनी एटीएक्स (डेस्कटॉपचा प्रमाणित) सप्लाय जोडायचा हा खटाटोप. बोर्ड आता झोपेतून नीट उठतो. मागच्या नोंदीत गाडी जिथे अडली होती, म्हणजे प्लग लावताच जांभळी तार (स्टँडबाय, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) कोलमडते आणि सप्लाय लॅच होऊन, म्हणजे स्वतःला बंद करून बसतो, तो गुंता सुटला. पिनआउटचा (कोणत्या पिनवर कोणती तार, याचा) तक्ता आधी दिलाय, परत देत नाही. फक्त आपापल्या मूळ सप्लायवर मीटर लावून तो पडताळल्याशिवाय एकही तार कापू नका. कनेक्टर सारखा म्हणून वायरिंग सारखं, असं नसतं. १९९८ ते २०००च्या सुमारास काही डेल मशिनांत दिसायला हुबेहूब एटीएक्सचा २० पिनी कनेक्टर असायचा, पण तारांच्या जागा वेगळ्या. साधा सप्लाय लावला की धूर.

आपल्या बोर्डाला फक्त १२ व्होल्ट लागतात, मेनलाही (मशीन चालू असतानाचा मुख्य पुरवठा) आणि स्टँडबायलाही. एटीएक्स सप्लायची जांभळी तार देते ५ व्होल्ट. तयार अडॅप्टर केबलींपैकी काहींत बूस्टरचा, म्हणजे व्होल्टेज चढवणाऱ्या मॉड्यूलचा, पत्ताच नसतो, जांभळी तार थेट १२ व्होल्ट स्टँडबायच्या पिनवर नेलेली असते. अशा ५ व्होल्टवर बोर्डातला ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर उठेलही, ५ व्होल्टचा कुठून उठणार? बूस्टर लागतोच, आणि सगळा त्रासही त्यातूनच सुरू होतो.

आधी हिशेब. जांभळ्या तारेवर २.५ अँपिअर म्हणजे १२.५ वॉट. बूस्टरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर ११ वॉट उरतात, ११.५ व्होल्टवर (१२ऐवजी ११.५ का, ते पुढे) ०.९५ अँपिअर. बोर्ड बंद असताना ६० मिलिअँपिअर घेतो, झोपेत रॅम जागी ठेवायला २८० मिलिअँपिअर. कागदावर भरपूर. पण प्लग लावताक्षणी स्टँडबायच्या वाटेवरचे सगळे रिकामे कपॅसिटर एकदम भरायला लागतात, आणि बूस्टरची रचनाच अशी की इनपुटपासून आउटपुटपर्यंत कॉइल आणि डायोडमधून सरळ वाट मोकळी असते. आउटपुट ५ व्होल्टच्या वर जाईपर्यंत चिपच्या हातात काहीच नसतं. पुढे उरलेले व्होल्ट चढवताना चिप आपल्या करंट लिमिटपर्यंत ओढते. दोन्हींचा भार जांभळ्या तारेवर.

मल्टिमीटर यात काहीही दाखवत नाही, ४.९ वर निवांत बसतो. ऑसिलोस्कोप सिंगल ट्रिगरवर, १० मिलिसेकंद प्रति घर लावला तेव्हा दिसलं: ५.०८ वरून ३.१ पर्यंत खड्डा, थोडी उसळी, पुन्हा खड्डा, आणि मग सपाट शून्य. सप्लायचं ओव्हरकरंट संरक्षण आपलं काम चोख करत होतं. अशा वेळी सप्लाय बदलून उपयोग नाही, खड्डा बुजवावा लागतो.

बूस्टर मॉड्यूलच्या चिपबद्दल. एक्सएल६००९ला सगळे ‘मोठा आहे, घ्या’ म्हणतात, पण त्याच्या डेटाशीटमध्ये इनपुट ५ व्होल्टपासून सुरू होतं. जांभळ्या तारेला ५ टक्के सूट आहे, म्हणजे ४.७५ व्होल्टसुद्धा नियमात बसतात. नेमकं भार आल्यावर चिप आपल्या मर्यादेखाली जाते. एमटी३६०८ २ व्होल्टपासून चालतो, आणि त्याच्या डेटाशीटमध्ये स्विच करंटची मर्यादा ४ अँपिअरची. तरी ११.५ व्होल्टवर ०.६ अँपिअरपेक्षा जास्त मी त्याच्याकडून मागणार नाही, आणि आपल्याला तेवढं पुरतं. बोर्डाला जोडण्याआधी त्याचा ट्रिमर (व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवून आउटपुट लावून घ्या. हे मॉड्यूल २८ व्होल्टपर्यंत जातं, आणि पाकिटातून निघताना ट्रिमर कुठे असेल याचा नेम नाही. पहिले कितीतरी फेरे काहीच बदलत नाही, मग एकदम उतरतं.

पहिला उपाय सोपा होता: बूस्टरच्या आउटपुटला ४.७ ओहमचा रेझिस्टर. बोर्ड चालू झाला, पण झोपेत २८० मिलिअँपिअरवर १.३ व्होल्ट रेझिस्टरमध्येच गेले. बोर्डाला उरले १०.२, आणि कीबोर्डवरून उठवताच रीस्टार्ट. रेझिस्टर सुरुवातीला हवा आणि नंतर नको, म्हणजे तिथे मॉसफेटच (इलेक्ट्रॉनिक स्विच) पाहिजे.

एओ३४०१ हा पी-चॅनल मॉसफेट बसवला. सोर्स बूस्टरकडे, ड्रेन बोर्डाकडे; तिसरा पाय गेट, तो स्विच उघडतो. गेट ते सोर्स १०० किलोओहम, गेट ते ग्राउंड १०० किलोओहम, आणि गेट-सोर्समध्ये १० मायक्रोफॅरड. या मॉसफेटला गेट-सोर्समध्ये १२ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाहीत. नुसता ग्राउंडचा रेझिस्टर ठेवला तर ११.५ पडतात, म्हणजे अगदी काठावर. दोन रेझिस्टरांनी ते निम्मे होतात. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा लावून पाहिला, गेट फार लवकर उघडतं आणि खड्डा तसाच राहतो. १० वर मात्र स्कोपवर जांभळी रेघ ४.९ च्या खाली आली नाही. ती सरळ रेघ बराच वेळ बघत बसावंसं वाटतं!

मॉसफेट उलटा लागला तर आतला बॉडी डायोड थेट वाहतो आणि सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे ही हळूहळू होणारी सुरुवात, नाहीशी होते. मीटरवर व्होल्टेज बरोबरच दिसतं, त्यामुळे पत्ता लागत नाही. दुसरं, प्लग काढला तर किमान १० सेकंद थांबून लावा. गेटचा कपॅसिटर रिकामा झाला नसेल तर मॉसफेट आधीच उघडा असतो आणि पुन्हा तोच खड्डा.

आता बोर्ड चालू असतानाची बाजू. तेव्हा स्टँडबायवर भार वाढतो, खासकरून यूएसबीला काही लावलं तर. तो बूस्टरवर टाकायचं कारण नाही. मेनच्या पिवळ्या तारेवरून १एन५८२२ शॉट्की डायोड स्टँडबाय पिनवर आणला, डायोडवरचा पट्टा स्टँडबायच्या बाजूला. मेन १२.१, डायोडचे ०.३ वजा, राहिले ११.८. बूस्टर ११.५ वर लावलेला, त्यामुळे मेन आलं की बूस्टर आपोआप गप्प. झोपेत मेन गेलं की बूस्टर उचलतो, आणि डायोडमुळे त्याचा करंट बाकीच्या १२ व्होल्टच्या फाट्यात शिरत नाही. हा बदल होताना चिपला जाग यायला क्षणभर लागतो, म्हणून बूस्टरच्या बाजूला, मॉसफेटच्या आधी, ४७० मायक्रोफॅरड. मॉसफेटच्या पुढे तो लावू नका, नाहीतर सॉफ्ट स्टार्टवरचा बोजा वाढेल.

बाकी किरकोळ. हिरवी (सप्लाय चालू करणारी) आणि करडी (पुरवठा ठीक असल्याचं सांगणारी) तार थेट गेली, मूळ सप्लायवरही मीटरने ५ व्होल्टचीच पातळी दाखवली होती. पंख्याचा सिग्नल नसल्याने बोर्ड सुरुवातीला कुरकुरतो, एफ१ दाबलं की पुढे जातो. डिस्कचं सॅटा पॉवर थेट नव्या सप्लायवरून, बोर्डाचा सॅटा हेडर रिकामा. टर्मिनल ४.२ मिलिमीटर पिचची, तार १८ गेज, आणि क्रिम्पर योग्य डायचाच. पक्कडीने दाबलेलं टर्मिनल ओढून पाहताना टिकतं आणि भाराखाली तापतं. सप्लाय निवडताना ग्रुप रेग्युलेशनवाला, म्हणजे १२ आणि ५ व्होल्ट एकत्रच सांभाळणारा, टाळा. या बोर्डावर ५ आणि ३.३ व्होल्टवर जवळपास भारच नसतो, सगळा १२ वर. तसल्या सप्लायमध्ये १२ खाली येतं आणि ५ वर चढतं, आणि ते चढलेले ५ व्होल्ट तुमच्या डिस्कला जातात. आत स्वतंत्र डीसी-डीसी पाट्या असलेला घ्या.

पुढचा बेत होता सगळं एका छोट्या पीसीबीवर आणण्याचा. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की बूस्टरच हद्दपार करता येईल. इंटेलच्या एटीएक्स१२व्हीओ प्रकारच्या सप्लायमध्ये १० पिनी कनेक्टरवर १२ व्होल्टचाच स्टँडबाय असतो. मग ना बूस्टर, ना मॉसफेट, ना डायोड, फक्त तारांची अदलाबदल. त्यात ५ व्होल्ट मिळत नाहीत, म्हणजे डिस्कसाठी आत्ता रिकामा ठेवलेला बोर्डाचा सॅटा हेडर परत वापरायचा. म्हणून पीसीबीची फाइल बाजूला ठेवलीय. कुणी हे आधीच करत असेल तर १० पिनीतली सेन्सची (बोर्डापाशी पोचलेलं व्होल्टेज सप्लायला कळवणारी) तार विसरू नका: ती मोकळी न सोडता बोर्डाच्या टोकाशी १२ व्होल्टच्या पिनमध्येच, त्याच टर्मिनलात दोन तारा घालून क्रिम्प करा. १८ गेजच्या दोन तारा एका टर्मिनलात बसत नाहीत, सेन्सला २२ गेज घ्या.