ज्यांची गोष्ट, त्यांना आधी वाचून दाखवली

पेन्शनवर आलेल्या जवानाला आमच्या भागात काम शोधत फार हिंडावं लागत नाही. मला बँकेत गार्डची नोकरी मिळाली. २६ जानेवारी आली की शाळेतून भाषणाचं बोलावणंही यायचं. त्या भाषणांतूनच माझ्या सियाचिनच्या आठवणींच्या पुस्तकाची सुरुवात झाली. मुलं विचारायची, वर बर्फात तुम्ही झोपायचात कसे, पाणी कुठून आणायचात, आंघोळीचं काय? अशा प्रश्नांची उत्तरं मला कुठल्याच पुस्तकात सापडेनात. मोठ्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं आहेत आणि ती मी आदराने वाचली. पण त्यांत लढाईचा नकाशा असतो. खंदकातल्या जवानाने आपल्या मराठीत लिहिलेलं फार थोडं.

सातारा जिल्ह्यात ही उणीव जास्त टोचते. आमच्याकडचं अपशिंगे मिलिटरी हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आकडा राहिला, पण ते युद्धावर जाताना बोटीत काय बोलले, कुणाला काय निरोप दिला, हे गेलंच. दुसऱ्या महायुद्धात आमच्या मराठा पलटणींचे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना इटलीतल्या दोन वेगळ्या लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. घाडगे १९४४ मध्ये आपल्या त्या लढाईतच गेले. त्यांचं शौर्य आपल्याला कळतं ते दुसऱ्याने इंग्रजीत लिहिलेल्या प्रशस्तिपत्रातून. मला वाटलं, आपल्याला लिहिता-वाचता येतं, हातपाय धड आहेत, तर आपल्या सेक्शनची, म्हणजे छोट्या तुकडीची, गोष्ट आपणच लिहावी. फुशारकी म्हणून नव्हे, नोंद राहावी म्हणून.

पहिला प्रश्न आठवणींच्या क्रमाचा. सियाचिनच्या पोस्टवर कुणी रोजनिशी ठेवत नाही, ठेवूही देत नाहीत. पण बायकोने माझी सगळी पत्रं ट्रंकेत जपून ठेवली होती. फौजेचं पत्र, पत्ता ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्यात जागेचं नाव लिहायला मनाई, म्हणून प्रत्येक पत्रात ‘मी इकडे मजेत आहे’ एवढंच. पण प्रत्येकावर फील्ड पोस्ट ऑफिसचा तारखेचा शिक्का होता. त्या शिक्क्यांप्रमाणे पत्रं जमिनीवर ओळीने मांडली आणि त्यावरून कधी बेस कॅम्पला होतो, कधी वर चढलो, कधी उतरलो, हे पक्कं केलं. मग साथीदारांना फोन लावले. एक कोल्हापूरचा, एक बेळगावजवळचा, एक आता दुबईत. एकाच रात्रीच्या तिघांनी तीन आठवणी सांगितल्या. दोघांचं जुळलं ते घेतलं, जुळलं नाही ते सोडून दिलं.

दुसरा प्रश्न, काय लिहायचं नाही. नोकरीत असताना परवानगीशिवाय काही छापता येत नाही, हे प्रत्येक जवानाला माहीत असतं. निवृत्तीनंतर तो आर्मी रूल लागू राहत नाही, पण १९२३ चा शासकीय गुपिते कायदा सुटत नाही. गावातल्या एका वकिलाकडे बसून मी तो समजून घेतला. त्यानंतर एक नियम केला: पोस्टचं नाव नाही, किती माणसं होती ते नाही, कुठून कुठे दोर बांधून गेलो ते नाही, हत्यार आणि वायरलेसबद्दल एक ओळही नाही. शंका आली की ओळ काढायची. काढल्यावरही बरंच उरलं. बंकरमधल्या बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, धुराने थुंकीही काळी पडायची, ते उरलं. गोठलेलं संत्रं दगडासारखं वाजायचं, तेही उरलं. वाचकाला हवं होतं ते हेच.

सगळ्यात अवघड प्रकरण माझ्या बडीचं. फौजेत दोघांची जोडी असते, एकाचा जीव दुसऱ्याच्या हाती. तो माण तालुक्यातला. अठरा हजार फुटांच्या वर त्याला हापो झाला, म्हणजे फुप्फुसात पाणी. यावर खरा उपाय एकच, माणूस लवकरात लवकर खाली नेणं. हवामान बंद होतं, चीता हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. ऑक्सिजन होता, रुग्णाला आत ठेवून हवेचा दाब वाढवायची हापो बॅग होती, आम्ही होतो. पहाटे तो गेला.

हे प्रकरण लिहून झालं, पण छापायला द्यायचा धीर होईना. ही गोष्ट माझी होती त्यापेक्षा जास्त त्याच्या घरची होती. मी वही घेऊन त्याच्या गावी गेलो. वहिनी होत्या, त्याची आई होती, धाकटा भाऊ होता. मी म्हटलं, “वहिनी, तुमच्या घरातलं लिहिलंय. वाचून दाखवतो. नको म्हणाल ते काढीन, सगळंच नको म्हणालात तर फाडून टाकीन.” त्या म्हणाल्या, “भावजी, वाचा की. आम्हाला तरी कुणी नीट सांगितलंय?”

मी वाचलं. मध्ये कुणी बोललं नाही. बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाबद्दल त्याने मला सांगितलं होतं, ते मी लिहिलं होतं. वहिनी म्हणाल्या, “एवढं तेवढं काढा. नणंदेला लागंल.” मी तिथेच रेघ मारली. शेवटी तो घाबरला होता, माझा हात सोडत नव्हता, हेही लिहिलं होतं. मला वाटलं, हे काढा म्हणतील. त्या म्हणाल्या, “ते ठेवा. तुम्ही जवळ होता म्हणून हात तरी धरला.”

मग आईने विचारलं, “त्या दिशी जेवला हुता का रं?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, वहीत मात्र ते नव्हतं. तिथे उंचीमुळे भूक मरते. दोन दिवस त्याच्या पोटात नीट काही गेलं नव्हतं. संध्याकाळी मी बर्फ वितळवून सूप केलं, त्याने अर्धा मग घेतला आणि म्हणाला, “मीठ कमी हाय.” मी आईला ते सांगितलं. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, “व्हय, त्याला मीठ लागायचं.” घरी परतल्यावर ती ओळ मी प्रकरणात घातली. त्यानंतर पुस्तकात ज्यांचं ज्यांचं नाव येतं, त्या प्रत्येकाला, किंवा तो नसेल तर त्याच्या घरी, ते पान वाचून दाखवलं. वेळ गेला, पण माझ्या मते अशा पुस्तकाची खरी परवानगी हीच.

छपाईचं थोडक्यात सांगतो. एका प्रकाशकाने हस्तलिखित न वाचताच खर्चाचा आकडा सांगितला. तेव्हा ठरवलं, स्वतःच काढायचं. मुलाने मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलं होतं आणि प्रेसकडे श्रीलिपी हे वेगळं टायपिंग सॉफ्टवेअर. एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं फुटली, रफार भलत्याच अक्षरावर गेले. गावातल्या निवृत्त मराठीच्या बाईंनी प्रुफं तपासली, तेही शुद्धलेखनाचे नियम समोर ठेवून. संवादातली बोली त्यांनी जशीच्या तशी राहू दिली, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. डेमी आकार, सोळा पानांचा एक फॉर्मा, असे अकरा फॉर्मे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. कुणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. हे टाळू नका. आपल्या घरातल्या प्रती वाळवी खाईल, तिथली प्रत राहील.

प्रकाशन ४ फेब्रुवारीला केलं. कोंढाणा घेतला त्याची आठवण म्हणून आमची मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंट हा मराठा दिवस पाळते, त्यामुळे आमची जुनी माणसं आपोआप जमतात. पहिली प्रत वहिनींच्या हातात दिली.

आता दुसरं काम हाती घेतलंय. १९७१ च्या युद्धात विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यातले बरेच जण हातात पेन धरणार नाहीत, पण पारावर बसून तासन्‌तास बोलतात. मी रविवारी मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतो आणि रात्री उतरवून काढतो. मागच्या रविवारी कोरेगावकडच्या एका हवालदारसाहेबांनी बांगलादेशातली नदी ओलांडल्याचं सांगायला सुरुवात केली आणि औषधाची वेळ झाली म्हणून सुनेने थांबवलं. उरलेलं ऐकायला या रविवारी जातोय.