पाडव्याचं श्रीखंड आणि मार्टिन्सव्हिलच्या चारशे फेऱ्या

२०२५ चा गुढीपाडवा आणि मार्टिन्सव्हिलची नॅस्कार शर्यत (नॅस्कार म्हणजे अमेरिकेतल्या मोटारशर्यती भरवणारी संस्था) एकाच रविवारी आली, ३० मार्चला. सणाच्या दिवशी घर टाकून गाड्या कसल्या बघायच्या, असं आईचं म्हणणं. अण्णांची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात गेलेली, त्यामुळे त्यांना गाड्या नाही, इंजिनं बघायची होती. तिकिटं आधीच काढलेली. शेवटी तडजोड झाली: सकाळी लवकर गुढी उभारायची, नैवेद्य दाखवायचा, श्रीखंड-पुरी डब्यात भरायची आणि निघायचं. उरला प्रश्न सूर्यास्ताला गुढी कोण उतरवणार याचा. शेजारच्या तेलुगू वहिनींनी तो आपणहून सोडवला. त्यांचाही उगादी त्याच दिवशी. चावी ठेवून घेतली आणि वर उगादी पचडीची वाटी आमच्या हातात दिली.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला राहतो. या भागात मराठी मंडळी भरपूर आहेत, पण नॅस्कारला गेलेलं घर शोधावं लागतं. खरं तर मार्टिन्सव्हिल इथून गाडीने दोनेक तासांवर. ग्रीन्सबरोपर्यंत हायवे, तिथून २२० नंबरचा रस्ता धरून उत्तरेला व्हर्जिनियात शिरायचं. ट्रॅक मार्टिन्सव्हिल शहरात नाही, त्याच्या दक्षिणेला रिजवे नावाच्या छोट्या गावात आहे. शेवटची काही मैलं गाड्यांची रांग लागते, म्हणून शर्यतीच्या तीन-चार तास आधी पोचाल असा बेत ठेवा. मुक्काम करायचा असेल तर ग्रीन्सबरो, डॅनव्हिल किंवा रोनोकला करा. शर्यतीच्या आठवड्यात मार्टिन्सव्हिलची हॉटेलं परवडत नाहीत.

हाच ट्रॅक का, तर नॅस्कारची पहिली मालिका १९४९ साली झाली, तेव्हापासून आजवर वेळापत्रकात टिकलेला हा एकमेव ट्रॅक. एच. क्ले अर्ल्स यांनी १९४७ मध्ये सुरू केला तेव्हा नुसती मातीची वाट होती. लांबी ०.५२६ मैल, म्हणजे साडेआठशे मीटरच्या आत. मुख्य मालिकेतला हा सगळ्यात छोटा ट्रॅक. दोन सरळ पट्टे प्रत्येकी ८०० फुटांचे आणि दोन्ही टोकांना घट्ट वळणं, आकार कागदाला लावायच्या क्लिपेसारखा. सरळ पट्ट्यावर डांबर, वळणावर काँक्रीट, आणि वळणाला उतार फक्त १२ अंशांचा. डेटोना किंवा टॅलडेगासारखा उंच चढलेला कठडा इथे गाडीला आधार द्यायला नाही. ब्रेक मारल्याशिवाय गत्यंतर नाही, तेही फेरीतून दोनदा, चारशे फेऱ्या. आणि बसलात कुठेही तरी अख्खा ट्रॅक दिसतो, हे पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी फार महत्त्वाचं. मोठ्या ट्रॅकवर गाड्या समोरून एकदा जातात आणि मग मोठ्या पडद्याकडेच बघत बसावं लागतं.

जायच्या आधी ओळखीच्यांनी भीती घातली होती, ती लपवत नाही. खेडेगाव, दक्षिण, नॅस्कार, आणि त्यात नऊवारी नेसलेली आई! भीती निराधार होती असंही म्हणणार नाही. वर्षानुवर्षं या स्टँडांत कॉन्फेडरेट झेंडे, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचे, फडकत होते. नॅस्कारने ते आपल्या ट्रॅकवर बंद केले १० जून २०२० रोजी, आणि त्याच दिवशी शर्यत होती ती याच मार्टिन्सव्हिलला. ट्रॅकपासून तासाभराच्या आत असलेल्या डॅनव्हिलचे वेंडेल स्कॉट १९६३ च्या डिसेंबरात जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकले, मुख्य मालिका जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय ड्रायव्हर. त्या दिवशी विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं दुसऱ्याचं. प्रेक्षक पांगल्यावर मोजणीची चूक मान्य झाली. स्कॉट १९९० मध्ये गेले, हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली २०१५ मध्ये. हे सगळं ठाऊक असू द्या. रस्त्याकडेच्या एखाद्या खाजगी घरावर तो झेंडा अजून दिसू शकतो. आम्हाला मात्र त्या दिवशी जे भेटलं ते पुढे सांगते.

गाड्या लावायच्या त्या गवताच्या मोकळ्या मैदानात. साधं पार्किंग फुकट आहे. मैदानातून स्टँडकडे जायला चढ आहे आणि अण्णांचा गुडघा कुरकुरतो. पिवळं जाकीट घातलेल्या एका पोरसवदा मुलाने त्यांची चाल पाहिली, वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला, आणि पाचेक मिनिटांत एक गोल्फ कार्ट आमच्यापाशी येऊन थांबली. आम्ही मागितली नव्हती. चालकाने आईला पुढे बसवलं, तिच्या पदराचं टोक चाकाकडे लोंबत होतं ते बोटाने दाखवलं, आणि ती पदर खोचेपर्यंत गाडी हलवली नाही. तुमच्याबरोबर वडीलधारी असतील तर थांबून विचारा, लाजू नका.

मऊ कापडी कूलर आत नेता येतो, आत खाणंपिणं चालतं, काच चालत नाही. पिशवीची मापं आणि नियम ट्रॅकच्या संकेतस्थळावर असतात आणि ते बदलत राहतात. निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. श्रीखंड प्लास्टिकच्या डब्यात असल्याने निभावलं. गेटवरच्या बाईंनी झाकण उघडून वास घेतला, केशर-वेलदोडा नाकात गेला असावा, कारण मागच्या सहकाऱ्यालाही बोलावून वास घ्यायला लावला.

इथला हॉटडॉग प्रसिद्ध आहे. गुलाबी सॉसेज, त्यावर मोहरीची चटणी, कांदा, कोबीची कोशिंबीर आणि चिली, सगळं मेणकागदात गुंडाळलेलं. किंमत वर्षानुवर्षं दोन डॉलर होती. पण चिलीत मांस असतं आणि कोबीत मेयोनेज, तेव्हा शाकाहाऱ्यांनी घरचा डबा न्यावा हे उत्तम. आई माळकरी. तिला नुसतं ते प्रकरण कसं बांधतात एवढंच बघायचं होतं. मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं, पावात फक्त मोहरीची चटणी द्याल का? आतल्या आजींनी पाव शेकला, चटणी लावली, हातमोजे बदलून घेतले (हे मी न सांगता), आणि पैसे काढले तर मान हलवली. सॉसेजच नाही तर पैसे कसले, असा भाव. आईने तो पाव कुणालाही दिला नाही.

आवाजाबद्दल गंभीरपणे सांगते. जवळपास चाळीस व्ही-आठ इंजिनं, सायलेन्सर नाही, आणि चारही बाजूंनी स्टँड. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही लावा. लहान मुलं असतील तर त्यांना आधी. आईचा अंबाडा मोठा, त्यामुळे इअरमफची पट्टी डोक्यावर बसेना, घसरून कपाळावर यायची. मागच्या रांगेतल्या एका तरुण बाईने खांद्यावर टकटक केली, खुणेनेच परवानगी मागितली, पट्टी उलटी करून अंबाड्याखालून मानेमागे घेतली आणि स्वतःच्या केसांतलं रबर काढून दोन्ही टोकं वरून बांधून दिली. तिचे केस मग तिन्ही तास वाऱ्यावर.

जागा वरच्या रांगांत घ्या. खाली बसलात तर टायरच्या रबराचे काळे कण तोंडावर उडतात आणि कुंपणाच्या जाळीमधून बघावं लागतं. बसायला अॅल्युमिनियमची बाकं आहेत, उशी न्या. मार्चमध्ये ऊन असलं तरी सावलीत गारवा असतो, स्वेटर हवाच.

आमच्या शेजारी तीन नंबरची काळी टोपी घातलेले एक आजोबा आणि त्यांच्या सौ. होते. आजोबांकडे स्कॅनर होता. ड्रायव्हर आणि त्याच्या टीमचं बोलणं रेडिओवर चालतं आणि ते प्रेक्षकाला ऐकता येतं. स्कॅनर ट्रॅकवर भाड्यानेही मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने नक्की घ्यावा, कारण त्याशिवाय चारशे फेऱ्या नुसता गोंगाट वाटू शकतो. अण्णा दर खेपेला मान वळवून वळवून त्यांच्या हेडफोनकडे बघत होते. आजोबांनी पिशवीतून दुसरा हेडफोन काढला, तार जोडली आणि अण्णांच्या डोक्यावर चढवला. अण्णांचं इंग्रजी कामापुरतं. पण 'लूज' आणि 'टाइट' हे दोन शब्द त्यांनी दहा मिनिटांत पकडले. गाडीचं मागचं टोक घसरतं ती लूज, पुढचं टोक वळत नाही ती टाइट. ड्रायव्हर आतून सतत हेच सांगत असतो आणि पुढच्या पिटला, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्याला, मेकॅनिक त्यावर उपाय करतात. अण्णा माझ्या कानाशी ओरडले, "अगं, आपले ड्रायव्हर डेपोत आल्यावर वहीत हेच लिहायचे! गाडी डावीकडे ओढते!" मी ते आजोबांना सांगितलं, कागदावर लिहून. त्यांनी चिठ्ठी वाचून अण्णांच्या पाठीवर थाप मारली, आणि तिथून पुढे दोघांचं सगळं बोलणं हातवाऱ्यांनीच झालं. एकाने बोट वळणाकडे दाखवायचं, दुसऱ्याने मूठ आवळून ब्रेक दाबल्याची खूण करायची.

पिट स्टॉप बघायला डोळ्यांत तेल घाला. भिंतीवरून पाच जण उडी मारतात: दोघं चाकं बदलणारे, एक चाकं वाहणारा, एक जॅकवाला, एक इंधनवाला. चार चाकं आणि इंधन, दहाएक सेकंदांत. २०२२ पासूनच्या नव्या गाड्यांना चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. त्याआधी पाच असत. एकेका चाकाचे मूठभर नट सोडवण्यात उभी नोकरी घालवलेल्या माणसाने हे बघितलं की काय होतं ते मी पाहिलं. अण्णा उभे राहिले ते पिवळा झेंडा (गाड्या हळू चालवायची खूण) जाऊन हिरवा लागेपर्यंत बसले नाहीत. मधेच हवेत एक जळका वास आला तेव्हा मी क्लच म्हटलं, त्यांनी लगेच दुरुस्त केलं: "क्लच नाही, ब्रेक."

शर्यतीचे तीन टप्पे असतात. पहिले दोन छोटे. स्वच्छतागृहाला जायचं तर टप्पा संपायच्या दोन फेऱ्या आधी उठा, नंतर रांगच रांग. पहिला टप्पा संपल्यावर आम्ही डबा उघडला. आजोबांच्या सौ.नी श्रीखंड चाखून विचारलं, चीजकेक का? आईने ठामपणे नाही म्हणून सांगितलं आणि पुरीवर घेऊन खायला लावलं. मागच्या रांगेतल्या त्या तरुण बाईलाही दिलं, तिच्या शेजारच्यालाही. माझ्या वाट्याला डब्याच्या कडेचं आलं.

आजोबांनी तिसऱ्या-चौथ्या वळणाची भिंत दाखवली. २०२२ च्या ऑक्टोबरात रॉस चेस्टेनने शेवटच्या फेरीत पाचवा गियर टाकून, अॅक्सिलरेटर पुरा दाबून गाडी या भिंतीला घासत नेली आणि पाच जणांना मागे टाकून मोसमातल्या अंतिम लढतीत जागा मिळवली. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केलेली युक्ती, असं त्यानेच नंतर सांगितलं. पुढच्या मोसमाआधी नॅस्कारने ती बंद केली. आजोबांच्या मते बंद केली ते योग्य, पण त्या दिवशी आपण इथे होतो याचा त्यांना कोण अभिमान!

आमच्या दिवशी जिंकला डेनी हॅम्लिन, व्हर्जिनियातच वाढलेला. इथे दहा वर्षांनी जिंकला. तिसरा आला बबा वॉलेस, आणि त्याच्या टीमच्या मालकांत मायकेल जॉर्डनबरोबर हा हॅम्लिनही आहे, हे कोडं अण्णांना उलगडून सांगायला मला दोन रेस्टार्ट लागले. स्टँडात काही जण टाळ्या पिटत होते, काही मनापासून हुर्यो उडवत होते. विजेत्याला इथे बक्षीस म्हणून माणसाहून उंच लंबकाचं घड्याळ मिळतं, १९६४ पासूनची रीत. हा भाग लाकडी फर्निचरचा आणि घड्याळं रिजवेतच बनत, म्हणून अर्ल्सना ती कल्पना सुचली. आईला शर्यतीतलं सगळ्यात जास्त काही पटलं असेल तर ते बक्षीस. चषक घेऊन करायचं काय, असं तिचं कायमचं मत आहे.

शर्यत संपली की धावत गाडीकडे जाऊ नका. मैदानातून बाहेर पडायला तसाही तास जातो. आमच्या गाडीशेजारच्या ट्रकमागे एका कुटुंबाने खुर्च्या मांडल्या होत्या. अण्णांना बघून एक मुलगा उठला आणि खुर्ची सरकवली. मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात शेंगा उकडत होत्या. दक्षिणेत हा खास खाऊ समजतात, आणि आईला तर अमेरिकेत पहिल्यांदाच कुणी ओळखीचं काहीतरी दिलं. तिने दोन सोलल्या, मीठ बरोबर आहे म्हणाली. उठताना त्या बाईने आमचा श्रीखंडाचा रिकामा डबा मागून घेतला, धुतला आणि शेंगांनी भरून दिला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे तिला कुणी शिकवलं असेल कोण जाणे.

दुसरी शर्यत ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते, पाचशे फेऱ्यांची आणि मोसमाच्या शेवटच्या शर्यतीच्या तोंडावरची, त्यामुळे जास्त चुरशीची. तिकिटंही लवकर जातात. आदल्या दिवशी छोट्या मालिकेची शर्यत असते, ती स्वस्त पडते. मुलांना घेऊन जायचं तर आधी ती दाखवा आणि मुलांचे दर तिकीट काढताना बघून घ्या. शनिवारी हाताशी वेळ असेल तर मार्टिन्सव्हिल गावातलं नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय चांगलं आहे. किंवा २२० वरूनच उत्तरेला फ्रँकलिन काउंटीत जा. चोरटी दारू गाळण्यासाठी हा मुलूख पूर्वी नावाजलेला होता; ती दारू पोचवताना पोलिसांना चुकवायला वेगवान केलेल्या गाड्यांमधूनच या खेळाचे सुरुवातीचे कितीतरी ड्रायव्हर तयार झाले. अण्णांना तिकडे जायचं होतं. आईने नको म्हटलं.